वाटणीच्या आधी विहिरीत दोरी सोडा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला तेव्हापासून आमच्या गावात वाटण्यांचं पेवच फुटलंय. पारावर बसलं की विषय तोच, कुणाची खातेफोड (सातबाऱ्यावर प्रत्येकाचं खातं वेगळं) झाली, कुणाचा नकाशा आला, कुणाची चुलत्यांच्या सहीसाठी गाडी अडली. निर्णय चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही, वर्षानुवर्षं तोंडी वाटणीवर कसणारी माणसं यामुळे कागदावर येतील. पण या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कुणीच विचारत नाहीये, ती म्हणजे पाणी. म्हणून हे पत्र. थोडं लांब होईल, छापताना कापलं तरी चालेल पण विहिरीचा हिशोब तेवढा कापू नका.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. आमची नऊ एकर, तीन भावांत. आप्पा म्हणजे माझे वडील थोरले, मग तात्या, मग नाना. आत्यांनी हक्कसोड करून दिलं (त्या विषयावर खरं तर वेगळंच पत्र लिहायला पाहिजे, असो). वाटणी ठरली २०२१ च्या दिवाळीत. का दिवाळीत, तर तेव्हाच सगळे घरी असतात. पुण्यातले येतात, पिंपरीतले येतात, फराळ होतो, आणि पाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी विषय काढतो. आता गंमत बघा, दिवाळीत विहीर कशी असते? तुडुंब. त्या वर्षी तर पायऱ्यांवर बसून हात बुडत होता पाण्यात. लागोपाठ दोन-तीन पावसाळे बरे झाले होते, ओढा वाहत होता, कुणाच्या मनात पाण्याची शंका येणार? सगळे म्हणले विहीर सामाईक ठेवू, तिघांचा एक तृतीयांश हिस्सा, दर तिसऱ्या दिवशी पाळी, संपला विषय. अख्ख्या वाटणीपत्रात पाण्यावर दीड ओळ आहे. बांधावरच्या आंब्याच्या झाडावर चार ओळी आहेत.

वाटणीत एक शब्द असतो, सरस-निरस. म्हणजे नुसतं क्षेत्र सारखं नाही करायचं, चांगली-वाईट जमीन बघून तोल साधायचा. शब्द मोठा शहाणा आहे, पण आमच्याकडे तो लावला कसा, तर माती बघितली आणि रस्ता बघितला. वरची तीन एकर माळ, मुरमाड, पण डांबरीला लागून. सगळ्यांच्या मते तीच सरस कारण उद्या भाव येईल. ती तात्यांनी घेतली. मधली नानांना. खालची ओढ्याकाठची आप्पांना, आणि विहीर त्यातच. म्हणजे डोंगरउताराला आडवे तीन काप पाडले. पणजोबांच्या वेळची वाटणी मात्र उभी होती, माळापासून ओढ्यापर्यंत लांबच लांब पट्टे. आम्ही लहानपणी हसायचो की हे काय, पंचा फाडल्यासारखं रान, नांगर वळवायला जागा नाही. आता कळतंय की त्या पट्ट्यात प्रत्येकाला थोडा माळ, थोडी काळी आणि थोडा ओढा मिळायचा, म्हणजे थोडं का होईना प्रत्येकाला आपल्या रानात पाणी लागायची शक्यता राहायची. ट्रॅक्टर आला आणि आम्ही चौकोनी तुकड्यांच्या नादी लागलो.

मग आलं २०२३. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला, देशभरातला शंभर वर्षांतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आणि ऑक्टोबर अखेरीस सरकारने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले त्यात आमचा पुरंदर होताच. २०२४ च्या उन्हाळ्यात विहिरीने खरा तळ दाखवला. आमच्याकडे अंजिराचा मीठा बहार असतो, त्याची फळं नेमकी उन्हाळ्याच्या तोंडाला येतात, म्हणजे पाणी लागतं तेव्हाच विहीर आटलेली.

तेव्हा मी पहिल्यांदा विहीर मोजली. आधी कधी मोजलीच नव्हती, आमच्या घरात कुणीच नाही, विहिरीला "बक्कळ पाणी" असं एकच माप होतं. सुती दोरीला फुटा-फुटावर गाठ मारली, खाली दगड बांधला, आणि मोटर चालू करायच्या आधी सोडली. पंचेचाळीस फूट खोल विहीर, तळाला सहा फूट पाणी. पाच एचपीची मोटर पावणेदोन तासात हवा ओढायला लागली. बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दोरी सोडली, रात्रभरात, म्हणजे साधारण बारा तासात, चार फूट पाणी चढलेलं. आता हिशोब करा. विहीर वीस फूट व्यासाची, तिच्यात एक फूट पाणी म्हणजे जवळपास ८,९०० लिटर. चार फूट म्हणजे साडेपस्तीस हजार. तीन हिस्से केले की एकाला बारा हजारसुद्धा नाही. एक एकर रानाला पाटाने दोन इंच पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका हिस्सेदाराने दर रात्रीचा आपला वाटा थेंबही न सांडता साठवला तर सतरा दिवसांनी एक एकर एकदा भिजेल. ही आमची "बक्कळ पाणी"वाली विहीर!

हा हिशोब दिवाळीत केला असता तर वाटणी वेगळी झाली असती, एवढंच मला सांगायचंय खरं तर.

पुढचं ऐका. तात्यांनी नवीन विहिरीसाठी रोजगार हमीच्या सिंचन विहीर योजनेत अर्ज केला. तिथे अट अशी की सातबाऱ्यावर आधी विहिरीची नोंद नको. आणि तात्यांच्या सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची एक तृतीयांश हिश्श्याची नोंद आम्हीच हौसेने करून घेतलेली. दुसरी अट दोन सिंचन विहिरींमध्ये दीडशे मीटर अंतराची, ती अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना लागू नाही, पण तात्या त्यात बसत नाहीत, आणि नऊ एकराचे तीन तुकडे केल्यावर दीडशे मीटर कुठून आणणार, शेजाऱ्याच्या विहिरी आहेतच. म्हणजे कागदावर तात्यांना विहीर आहे, रानात पाणी नाही, आणि कागदावर आहे म्हणून रानात मिळणारही नाही. अर्ज परत आला.

मग बोअर. पाणाड्या आला, हातावर नारळ उभा राहिला, "इथं घ्या, गंगा आहे." २८० फूट, नुसता फुफाटा. दुसरी जागा ३५० फूट, तीच गत. तिसरी ४२० फुटाला दीड इंच पाणी लागलं, पेढे वाटले, आणि महाशिवरात्रीच्या आत बंद पडली. रीगवाल्याचं बिल फुटावर असतं साहेब, पाणी लागलं काय न लागलं काय. केसिंग, गाडीभाडं धरून दीड लाखाच्या वर गेले. आणि कबूलच करतो, हे कायद्यातही बसत नव्हतं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात, जो २०१४ पासून लागू आहे, ६० मीटरच्या पुढची विहीर किंवा बोअर म्हणजे खोल विहीर, आणि शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे. ६० मीटर म्हणजे २०० फूट फक्त. आमच्या शिवारात २०० फुटाच्या आतली बोअर शोधून दाखवा, मी माझ्याकडून चहा पाजतो. कुणी विचारायला आलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

नानांनी वेगळंच केलं. त्यांचं रान विहिरीला लागून, त्यांनी विहिरीपासून साठ फुटावर बोअर घेतली, १८० फूट, लागली. सगळे खूश. पण मला दोरीची सवय लागली होती ना, मी बघतोय तर रात्रभरात चार फूट चढणारी विहीर दोनच फूट चढायला लागली. नानांची बोअर दोन दिवस बंद ठेवली तर परत साडेतीनवर. म्हणजे नवीन पाणी लागलंच नव्हतं, विहिरीतलंच पाणी दुसऱ्या नळीने काढत होतो. हे मी बोलून दाखवलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. त्या दिवाळीला फराळाची ताटं शेजारच्या पोराच्या हातून इकडून तिकडे गेली.

शेवटी ओळखीतले एक भूवैज्ञानिक आले. त्यांनी माळावर मशीन वगैरे लावायच्या आधी काय केलं सांगू, विहिरीच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसून राहिले आणि भिंत बघितली. मला म्हणले, "तुमच्याकडे रिपोर्ट आहे की, हा काय पंचेचाळीस फुटांचा." वरून तीन फूट माती, खाली अठरा-एकोणीस फूट मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, पांढऱ्या पांढऱ्या ठिपक्यांचा, मग बोटभर जाड गेरूचा लाल पट्टा, आणि त्याखाली काळा पाषाण, ज्याला सुरुंगाशिवाय काही होत नाही. पाणी कुठून येतंय तर मुरूम संपतो तिथून पाझर, आणि एकतीस फुटावर पूर्वेच्या अंगाला एका भेगेतून बारीक धार. आणि पूर्वेला काय आहे? तात्यांचा माळ.

म्हणजे जे रान "पाण्याच्या दृष्टीने बिनकामाचं" म्हणून ठरलं, तिथे मुरणारं पाणी आमच्या विहिरीत येतं. तात्यांनी माळावर बांध-चर केले तर आमची विहीर भरते, आणि उद्या त्यांनी तो माळ गोडाऊनवाल्याला विकला आणि त्याने काँक्रीट ओतलं तर आमची विहीर गेली. हा संबंध वाटणीच्या नकाशावर कुठेच नाही. नकाशावर फक्त बांध आहेत, पाण्याला बांध कळत नाही.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग या काळ्या खडकाचाच आहे. वाळूच्या प्रदेशासारखं इथे कुठेही भोक पाडलं की पाणी असं नसतं, पाणी फक्त मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात, त्यामुळे एका बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे धूळ हे आपल्याकडे रोजचं आहे. आणि याच जमिनीचे आपण डोळे झाकून चौकोन पाडतोय.

आता माझा मुद्दा शासनाला. तुकडेबंदी कायद्याचे मार्च २०२४ मध्ये सुधारित नियम आले, त्यात विहिरीसाठी पाच गुंठ्यांपर्यंतचा तुकडा घ्यायची सोय केलीय. चांगली सोय आहे. पण त्या पाच गुंठ्यांच्या अर्जाला भूजल सर्वेक्षण विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, जागेचे भूसहनिर्देशक म्हणजे अक्षांश-रेखांश सुद्धा लागतात. म्हणजे पाच गुंठ्यांना भूजलाचा कागद लागतो, आणि नऊ एकराचे तीन तुकडे करून तीन कुटुंबांचं पुढच्या पन्नास वर्षांचं ठरवताना काही लागत नाही? जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज केला की सातबारा, नकाशा, सगळ्यांची संमती बघतात. अडवा असं मी म्हणत नाही, आधीच माणसं हेलपाट्यांनी दमलीयेत, अजून एक सक्तीचा दाखला काढला की त्याचंही दुकान सुरू होईल. पण वाटणीपत्राच्या नमुन्यात पाण्याचं एक पान जोडा. विहीर किती फूट, मे महिन्यात पाणी किती, उपसल्यावर बारा तासात किती चढलं, बोअर किती आणि कुठे. माहितीपुरतं. सह्या करताना प्रत्येकाने ते वाचलेलं असावं एवढंच.

मे महिनाच का, तर भूजलवाले स्वतः निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरला, कारण एका मोजणीवर काही कळत नाही हे त्यांना माहिती आहे. आपण मात्र ऑक्टोबरचं पाणी बघून कायमची वाटणी करतो. अटल भूजल योजनेत राज्यातले १३ जिल्हे होते, पुणे त्यात होता, कितीतरी गावांत पाण्याचा ताळेबंद मांडला, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला. तो ताळेबंद गावाचा, घराचा कुणी मांडायचा?

आणि ज्यांची वाटणी अजून व्हायचीय त्यांना हात जोडून सांगतो, दिवाळीत बोलणी करा पण सह्या अक्षय्य तृतीयेनंतर करा. मधल्या सहा महिन्यांत दर पंधरा दिवसांनी दोरी सोडा, वही ठेवा, वही भावाभावांच्या समोर उघडी ठेवा. विहीर सामाईक ठेवणार असाल तर नुसतं "एक तृतीयांश" लिहू नका, पाळी तासात लिहा नाहीतर फुटात लिहा, मोटर कुणाच्या नावाची, वीजबिल कोण भरणार, पाइपलाइन कुणाच्या रानातून कुठल्या बांधाने जाणार, गाळ काढायचा खर्च कसा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विहिरीच्या किती अंतरात कुणीच बोअर घ्यायची नाही, हे सगळं लिहा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद करायच्या आधी ज्याला पुढे सरकारी विहीर घ्यायचीय त्याचं काय होईल तेही विचारून घ्या, आमच्या तात्यांसारखं होऊ नये. मशीन लावून तपासणी करायची असेल तर जरूर करा, रीगवाल्याच्या एका फेल बोअरपेक्षा स्वस्तच पडते, पण वाटणीच्या आधी करा, नंतर नाही. नंतर ती फक्त कोण फसलं ते सांगते.

गावातली काही मंडळी म्हणतात की पाणी जमिनीबरोबरच जातं, ज्याच्या रानात विहीर त्याचं पाणी, उगाच डोकं कशाला लावायचं. त्यांना आपल्याच तालुक्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली, १९७४ साली. तिथे पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर वाटलं, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही वाटा. आणि जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जाणार नाही. पन्नास वर्षांपूर्वी, आमच्यापासून काही कोसांवर, लोकांनी पाणी आणि जमीन वेगवेगळी मोजली होती. आम्ही तर सख्खे भाऊ, तरी आम्हाला जमलं नाही.

आमचं पुढे काय झालं म्हणाल तर सगळं गोड झालेलं नाही. नानांची बोअर आता मार्च ते जूनपर्यंत बंद असते, त्या बदल्यात विहिरीत त्यांची पाळी एक दिवसाने वाढवली. तात्यांनी माळावर चर काढायला घेतलेत, डिझेल आप्पा देतात, कारण भरणार आहे ती आप्पांच्या रानातली विहीर. तात्यांनी अंजीर सोडून सीताफळ लावलंय, ते कमी पाण्यावर निभावतं. वाटणीपत्राला पुरवणी जोडायची म्हणून वकिलाकडे दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा काकू, म्हणजे तात्यांची बायको, म्हणाली आधी वाया गेलेल्या तीन बोअरचे पैसे कुणी द्यायचे ते ठरवा. ते ठरलेलं नाही. तिचंही चुकीचं नाही, रस्त्याकडेची जमीन सरस म्हणून सगळ्यांनीच तिच्या गळ्यात मारली होती, त्यात मीही होतो, मी तर नकाशा काढला होता पेन्सिलीने.

दोरी विहिरीच्या रहाटाच्या खुंटीला टांगलेली असते. वही आजीच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर, तिथे ठेवली की कुणी पान फाडत नाही. परवाची नोंद तात्यांच्या धाकट्याच्या अक्षरात आहे, पाणी अकरा फूट, आणि पुढे कंसात लिहिलंय "गाठ भिजून सुटली, परत मोजणे".

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. पुरंदर, जि. पुणे